एकइंजिनी प्रशिक्षण विमानांचे अपघात : कारणमीमांसेचा ऐतिहासिक अभ्यास (१९१२ ते २००९)

गोषवारा

एकइंजिनी प्रशिक्षण विमानांच्या अपघातांची प्रमुख कारणे गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाहीत. कमी उंचीवर वेग गमावणे, त्यातून विमान गिरकीत सापडणे, एकमेव इंजिन बंद पडणे आणि ढगात शिरल्यावर दिशाभान हरपणे ही ती कारणे होत. बदलला तो त्यांचा अर्थ लावण्याचा दृष्टिकोन. प्रारंभी दोष दैवाला दिला गेला, पुढे शिकाऊ वैमानिकाला, नंतर यंत्राला आणि सर्वांत शेवटी शिकवण्याच्या पद्धतीला. अपघातांच्या संख्येत खरी घट कारण ‘कोणाचे’ हा प्रश्न मागे पडून कारण ‘कसे घडते’ हा प्रश्न पुढे आला तेव्हाच झाली, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

बीजशब्द : प्रशिक्षण विमान, स्टॉल, स्पिन, गॉस्पोर्ट पद्धती, एचटी-२, एचपीटी-३२, अपघात तपास.

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास बहुधा विक्रमवीरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पहिले उड्डाण, पहिली सागरी झेप, पहिले युद्धविमान हे त्याचे टप्पे मानले जातात. मात्र या विक्रमांच्या पाठीमागे धावपट्टीच्या आसपासच कोसळलेल्या असंख्य लहान विमानांचा एक दुर्लक्षित इतिहास आहे. त्यातील मृतांमध्ये विशीच्या आतबाहेरचे शिकाऊ वैमानिक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वाट्याला वृत्तपत्रातील चार ओळी आणि ‘वैमानिकाची चूक’ हा शेरा एवढेच आले.

महाराष्ट्राचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहू येथे वैमानिक घडवण्यास आरंभ केला. याच संस्थेत शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे बारामती, गोंदिया, धुळे यांसारख्या ठिकाणी प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलेमुली कर्ज काढून तेथे प्रवेश घेऊ लागली. त्यांचे प्रारंभीचे उड्डाण ज्या विमानातून होते ते बहुधा दोन किंवा चार आसनांचे, एका इंजिनाचे असते. त्या विमानाच्या अपघातांचा इतिहास हा त्यामुळे केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. अपघाताचा तपास हे मुळात ऐतिहासिक स्वरूपाचे कार्य आहे. घटना घडून गेलेली असते, साक्षीदार बहुधा हयात नसतो आणि अवशेषांवरून भूतकाळाची पुनर्रचना करावी लागते. कारण ठरवणे म्हणजे एक निर्णय देणे होय. हा निर्णय ज्या काळात दिला जातो त्या काळाच्या समजुती त्यात उतरतात.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) प्रशिक्षण विमानांच्या अपघातांच्या प्रमुख कारणांचा ऐतिहासिक क्रमाने मागोवा घेणे.
२) या कारणांच्या आकलनात झालेल्या स्थित्यंतरांचे विश्लेषण करणे.
३) भारतीय अनुभवाचे, विशेषतः एचटी-२ व एचपीटी-३२ या विमानांच्या संदर्भात, परीक्षण करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांवर भर दिला आहे. ब्रिटन, अमेरिका व भारत या तीन देशांपुरतीच अभ्यासाची व्याप्ती मर्यादित आहे.

अपघाताचे मूळ स्वरूप : स्टॉल आणि स्पिन

ऐतिहासिक विवेचनाकडे वळण्यापूर्वी दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. विमानाचा पंख समोरून येणाऱ्या वाऱ्याशी एक लहान कोन करून पुढे सरकतो आणि त्यातून उचल निर्माण होते. हा कोन वाढवत नेला की उचलही वाढते. परंतु एका मर्यादेपलीकडे पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागापासून सुटते आणि उचल एकाएकी घटते. या अवस्थेस ‘स्टॉल’ म्हणतात. तिचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही. मोटारीच्या बाबतीत हाच शब्द इंजिन बंद पडण्यासाठी वापरला जात असल्याने सामान्य वाचकाचा येथे गोंधळ होतो. एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक स्टॉल झाला तर विमान त्या बाजूला कलते आणि स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. ही गिरकी म्हणजे ‘स्पिन’ होय.

स्टॉलचा धोका विमानाच्या शोधाहूनही जुना आहे. जर्मन संशोधक ओटो लिलिएंथाल ९ ऑगस्ट १८९६ रोजी आपल्या ग्लायडरमधून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचे नाक वर उचलले जाऊन त्याची उचल संपली होती. राइट बंधूंनी या मृत्यूचा गंभीरपणे विचार केला होता. १९०५ च्या सप्टेंबरमध्ये हफमन प्रेअरी येथे वळण घेत असताना विमान आतल्या बाजूला ढासळत असल्याचा अनुभव त्यांना आला. वळणात विमानावरील भार वाढतो, त्यामुळे अधिक वेग लागतो आणि नाक किंचित खाली केल्यास ताबा परत मिळतो, हे त्यांनी ताडले.

या ज्ञानाचे महत्त्व आकड्यांवरून ध्यानात येते. उंची कायम राखून ४५ अंश कललेल्या वळणात विमान ज्या वेगाला स्टॉल होते तो वेग सरळ उड्डाणातील वेगापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी अधिक असतो. ६० अंशांच्या वळणात भार दुप्पट होतो आणि हा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होणारे विमान अशा वळणात ७० नॉट वेगालाच स्टॉल होते. उतरण्यापूर्वीचे शेवटचे वळण शिकाऊ वैमानिकासाठी घातक ठरते त्याचे कारण हेच होय.

पार्कची घटना (१९१२) : दैवाकडून निरीक्षणाकडे

ब्रिटनमध्ये अपघातांच्या पद्धतशीर तपासाचा आरंभ सरकारने केला नाही. रॉयल एरो क्लब या खासगी संस्थेने १९१२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि १३ मे १९१२ रोजी ब्रुकलँड्स येथे कोसळलेल्या विमानाचा अहवाल तयार केला. वळण घेत असताना झालेल्या या अपघातात वैमानिक व प्रवासी दोघेही दगावले होते. तोपर्यंत अशा घटनांची संभावना ‘हवेतील पोकळी’ किंवा ‘दुर्दैव’ अशा शब्दांत होत असे. गिरकीत सापडलेला वैमानिक सहसा जिवंत राहत नसे. त्यामुळे आत काय घडले हे सांगणारा कोणीच उरत नसे.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी ही परिस्थिती बदलली. सॉल्सबरी पठारावरील लार्कहिल येथे लष्करी विमानांची चाचणी-स्पर्धा सुरू होती. नौदलाचा अधिकारी विल्फ्रेड पार्क तीन तासांचे उड्डाण संपवून आपले अ‍ॅव्रो बनावटीचे विमान वळत वळत उतरवत असताना सुमारे ६०० ते ७०० फुटांवर ते गिरकीत गेले. पार्कने प्रथम त्या काळच्या समजुतीनुसार सर्व उपाय केले. त्याने इंजिनाची शक्ती वाढवली, दांडा मागे ओढला आणि शेपटीवरील रडर वळणाच्या दिशेने दाबले. यातील कशाचाही उपयोग झाला नाही. अखेर त्याने रडर गिरकीच्या उलट दिशेने पूर्ण दाबले आणि जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर विमान सावरले.

या घटनेचे ऐतिहासिक मोल पार्कच्या धैर्यापेक्षा त्याच्या कथनात आहे. उतरल्यानंतर त्याने प्रत्येक हालचाल क्रमाने सांगितली आणि ‘फ्लाइट’ या साप्ताहिकाने ती सविस्तर छापली. गिरकी ही अनाकलनीय आपत्ती नसून तिला एक क्रम आहे आणि तिच्यावर उपाय आहे, याचा तो पहिला प्रसिद्ध पुरावा ठरला. दुर्दैवाने त्याच वर्षी १५ डिसेंबरला वेम्बली येथे दुसऱ्या एका विमानाच्या अपघातात पार्क मरण पावला. त्याची नोंद छापून आली, तरी ती प्रशिक्षणाचा भाग झाली नाही. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते शिकवले जाणे यांतील हे अंतर पुढेही वारंवार दिसते.

फार्नबरो व गॉस्पोर्ट (१९१६ ते १९१८) : शिकवणीत क्रांती

पहिल्या महायुद्धाने वैमानिकांची मागणी अफाट वाढवली. काही तासांच्या शिकवणीनंतर तरुणांना एकट्याने उड्डाणास पाठवले जाऊ लागले. शिकवणारे अनेकदा आघाडीवरून थकून परतलेले असत. त्यांना शिकवण्याची आवड नसे आणि तशी दीक्षाही मिळालेली नसे. इंजिनाच्या गोंगाटात गुरुशिष्यांचे बोलणे एकमेकांना ऐकू येत नसे. शत्रूचे तोंडही न पाहता प्रशिक्षण तळांवर दगावलेल्या तरुणांची संख्या चिंताजनक झाली.

याच सुमारास फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात गिरकीचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला. तेथील मुख्य चाचणी वैमानिक फ्रँक गुडन याने १९१६ मध्ये हेतुपुरस्सर विमान गिरकीत नेऊन बाहेर काढून दाखवले. पाठोपाठ भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमन (पुढे चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून प्रसिद्ध झालेले लॉर्ड चेरवेल) स्वतः विमान चालवण्यास शिकले आणि १९१७ मध्ये गिरकी घेत असतानाच उपकरणांवरील आकड्यांच्या नोंदी करू लागले. गिरकीत विमानाचा हवेतील वेग वाढत नाही, तो कमी आणि जवळपास स्थिर राहतो. अर्थात पंख स्टॉलच्याच अवस्थेत असतात, हे त्यातून सिद्ध झाले. प्रथम उलट रडरने फिरणे थांबवावे, नंतर दांडा पुढे करून पंखांचा कोन घटवावा, हा उपाय आता शास्त्रशुद्ध पायावर उभा राहिला.

हे ज्ञान वर्गात आणि आकाशात पोहोचवण्याचे श्रेय रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याकडे जाते. १९१४ मध्ये विमान कोसळून त्याचे दोन्ही पाय मोडले होते. पुढे एका लढाऊ तुकडीचे नेतृत्व करताना त्याने अर्धवट शिकलेले वैमानिक आघाडीवर येऊन मरताना पाहिले. त्याने वरिष्ठांना पत्रे लिहून प्रशिक्षणावर कठोर टीका केली. परिणामी डिसेंबर १९१६ मध्ये गॉस्पोर्ट येथील तुकडी त्याच्या हाती सोपवण्यात आली आणि १९१७ मध्ये तेथे विशेष उड्डाण शाळा आकारास आली. अ‍ॅव्रो ५०४ हे दुहेरी नियंत्रण असलेले विमान, गुरूचे शब्द शिष्याच्या कानापर्यंत नेणारी बोलनळी आणि ठरावीक पाठांचा क्रम ही त्याच्या पद्धतीची अंगे होत.

स्मिथ-बॅरीचा मूलभूत विचार असा होता की, विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवण्यापेक्षा त्याला गुरूच्या सोबतीने धोक्यात नेऊन बाहेर पडण्यास शिकवावे आणि त्या धोक्याचे कारण त्याला समजावून द्यावे. स्टॉल, गिरकी, आडव्या वाऱ्यात उतरणे हे सर्व प्रारंभीच्या पाठांत आले. शिक्षकांनाही कसे शिकवावे हे शिकवले जाऊ लागले. अपघाताचे कारण विद्यार्थ्याच्या भित्रेपणात किंवा उतावीळपणात शोधण्याची प्रथा येथे प्रथमच मोडली. दोष शिकवणीचा असू शकतो, हे एका लष्करी संस्थेने मान्य केले ही लहान गोष्ट नव्हती.

दोन महायुद्धांमधील काळ : यंत्रातील सुधारणा

शिकवणीबरोबर यंत्राकडेही लक्ष वळले. जर्मन वैमानिक गुस्ताव लाखमन १९१७ मध्ये स्टॉल होऊन कोसळला आणि रुग्णालयात असताना त्याला पंखाच्या पुढच्या कडेला फट ठेवण्याची कल्पना सुचली. या फटीतून येणारी हवा पंखाला चिकटून राहते आणि स्टॉल लांबतो. ब्रिटनमध्ये फ्रेडरिक हँडली पेज यांनीही स्वतंत्रपणे हाच शोध लावला. पुढे आपोआप उघडणाऱ्या फटी अनेक प्रशिक्षण विमानांवर दिसू लागल्या.

१९२५ मध्ये डी हॅविलँड कंपनीचे ‘मॉथ’ हे हलके, दोन आसनांचे विमान अवतरले आणि फ्लाइंग क्लबांची चळवळ फोफावली. भारतातील क्लबांचा उदय याच लाटेतला होय. १९३१ मध्ये आलेल्या ‘टायगर मॉथ’वर ब्रिटनप्रमाणेच भारतातीलही असंख्य वैमानिक घडले. हे विमान गिरकी शिकवण्यास उत्तम मानले जाई. तथापि १९४० च्या दशकाच्या आरंभी काही विमाने गिरकीतून बाहेर येण्यास अडखळत असल्याचे आढळले आणि त्यांच्या शेपटीच्या मुळाशी पट्ट्या बसवाव्या लागल्या. दहा वर्षे सुरक्षित ठरलेल्या यंत्रातही सुप्त दोष असू शकतो, याचा हा पुरावा होय.

स्वातंत्र्यानंतर टायगर मॉथची जागा घेण्यासाठी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ‘एचटी-२’ या विमानाची निर्मिती झाली. त्याचे मुख्य अभिकल्पक डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचे प्रणेते लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे संशोधन केले होते. एचटी-२ ने ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले आणि भारतीय हवाई दलाच्या व फ्लाइंग क्लबांच्या अनेक पिढ्या त्यावर घडल्या. संपूर्णतः भारतीय अभिकल्पाचे इंजिनयुक्त विमान म्हणून त्याचे स्थान मोठे आहे.

१९४९ चा निर्णय : गिरकी शिकवावी की टाळावी ?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खासगी वैमानिकांची संख्या झपाट्याने वाढली आणि जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९४५ ते १९४८ या काळात तेथील नागरी लहान विमानांच्या प्राणघातक अपघातांपैकी जवळजवळ निम्म्या अपघातांत स्टॉल वा स्पिन हे कारण होते. विशेष म्हणजे त्या काळी गिरकीतून बाहेर पडणे ही परवान्यासाठीची आवश्यक परीक्षा होती. अर्थात मेलेल्यांपैकी बहुतेकांना उपाय शिकवलेला होता.

या विरोधाभासाचे उत्तर उंचीत दडलेले होते. पाठ तीन-चार हजार फुटांवर दिला जाई. अपघात मात्र धावपट्टीजवळ, काहीशे फुटांवर होत. तेथे उपाय माहीत असूनही तो करण्यास अवकाश नसे. या कारणास्तव अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने १९४९ मध्ये खासगी परवान्यासाठी गिरकीची सक्ती रद्द केली आणि स्टॉल ओळखणे व टाळणे यावर भर दिला. शिक्षकांसाठी मात्र गिरकीचे शिक्षण कायम ठेवण्यात आले.

या निर्णयाला बौद्धिक पार्श्वभूमी होती. वोल्फगांग लांगेविश यांच्या १९४४ मधील ‘स्टिक अँड रडर’ या ग्रंथाने स्टॉलचे कारण वेगात नसून पंखाच्या कोनात आहे आणि दांडा मागे ओढणारा हातच विमानाला स्टॉलमध्ये नेतो, हे सामान्य वैमानिकाला उमजेल अशा भाषेत मांडले होते. याच दशकात लेनर्ड ग्रीन यांनी स्टॉलपूर्वी इशारा देणारे उपकरण तयार केले. पुढे लहान विमानांतील भोंगा प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचा झाला. त्याआधी फ्रेड वाइक यांनी ‘एरकूप’ हे गिरकीत जाऊच न शकणारे विमान बनवले होते आणि १९४० मध्ये त्यास मान्यता मिळाली होती. दांडा एका मर्यादेपलीकडे मागे येऊच नये, अशी त्याची रचना होती.

१९४९ नंतर स्टॉल-स्पिन अपघातांचे प्रमाण लक्षणीय घटले. परंतु त्याचे सर्व श्रेय नियमाला देता येणार नाही. त्याच काळात विमानेही सुधारली. त्यामुळे गिरकी शिकवावी की नाही, हा वाद पुढेही धुमसत राहिला. स्मिथ-बॅरी यांची भूमिका आणि १९४९ ची भूमिका परस्परविरोधी वाटतात. तरीही दोन्हींचा पाया एकच आहे. अपघात कोठे व कसा घडतो हे पाहून शिकवणीची रचना करावी, हे दोघांनीही मानले. १९१७ मध्ये अज्ञान मारत होते. १९४९ मध्ये उंचीचा अभाव मारत होता.

एकमेव इंजिन : शक्ती हरपण्याची कारणे

दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडले तरी दुसरे शिल्लक असते. प्रशिक्षण विमानात तसे नसते. इंधन संपणे, टाकी बदलण्याची कळ चुकीच्या जागी असणे, इंधनात पाणी मिसळणे ही इंजिन बंद पडण्याची नित्याची कारणे आहेत आणि उड्डाणपूर्व तपासणीने ती बव्हंशी टळतात.

कार्ब्युरेटरमधील बर्फ हे कारण मात्र अधिक फसवे आहे. कार्ब्युरेटरच्या अरुंद भागात हवा वेगाने वाहते आणि इंधनाची वाफ होते, त्यामुळे तेथील तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. बाहेर सुखद उबदार हवा असली तरी दमट वातावरणात आत बर्फ साचतो आणि इंजिनाला हवा मिळेनाशी होते. थंड देशांतील आजार म्हणून याकडे पाहणे चुकीचे ठरते. पावसाळी, दमट प्रदेशात त्याची शक्यता अधिक असते. अपघातानंतर तपास अधिकारी पोहोचेपर्यंत हा बर्फ वितळून गेलेला असतो. पुरावाच नष्ट झाल्याने इंजिनात दोष नव्हता, म्हणजे चूक वैमानिकाची, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पुराव्याचा अभाव हा घटनेच्या अभावाचा पुरावा नव्हे, हे इतिहासशास्त्राचे सूत्र येथे तंतोतंत लागू पडते.

इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडल्यास धावपट्टीकडे परत वळण्याची प्रेरणा होते. परत वळण्यासाठी पुरेशी उंची नसते, वळण तीव्र घ्यावे लागते आणि विमान स्टॉल होते. समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत सरळ उतरावे, हा पाठ पहिल्या महायुद्धापासून दिला जात आहे. तरीही माणसाची मागे वळण्याची ओढ प्रबळ ठरते.

भारतीय अनुभवात यंत्राच्या दोषाचे सर्वांत वेदनादायी उदाहरण ‘एचपीटी-३२ दीपक’ या विमानाचे आहे. १९७७ मध्ये पहिले उड्डाण केलेले हे विमान भारतीय हवाई दलाच्या प्राथमिक प्रशिक्षणासाठी वापरले गेले. उड्डाणात इंजिन बंद पडण्याच्या घटना त्यावर वारंवार घडल्या. १७ प्राणघातक अपघातांत १९ वैमानिकांचा बळी गेल्याची नोंद आहे. इंधनप्रणालीत दुरुस्त्या करण्याचे प्रयत्न झाले, पण समस्या मिटली नाही. ३१ जुलै २००९ रोजी दोन अनुभवी वैमानिक मृत्युमुखी पडल्यानंतर ही विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. पुढे २०१३ पासून स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीचे पीसी-७ मार्क-२ हे विमान प्रशिक्षणासाठी दाखल झाले. मृतांमध्ये अनुभवी शिक्षकही होते, ही बाब लक्षणीय आहे. वैमानिकाचे कौशल्य कितीही असले तरी वारंवार थांबणाऱ्या इंजिनाला ते पर्याय होऊ शकत नाही.

हवामान आणि दिशाभान

ढगात वा धुक्यात शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते आणि कानातील समतोलाची जाणीव माणसाला फसवते. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे शिक्षण न घेतलेल्या २० जणांवर प्रयोग केला. कृत्रिमरीत्या क्षितिज झाकल्यानंतर प्रत्येकाचा ताबा सुटला. त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. हा आकडा पुढे जगभर उद्धृत झाला. प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. त्याच लोकांना ढगातून शांतपणे मागे फिरण्याची एक साधी पद्धत शिकवण्यात आली आणि त्यानंतर ते जवळपास प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर पडले. मृत्यूच्या आकड्याला जेवढी प्रसिद्धी मिळाली तेवढी त्यावरील उपायाला मिळाली नाही.

दोषी कोण ? शिक्षकाच्या आसनाकडे

शिकाऊ वैमानिक एकटा असताना अपघात अधिक होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील विमानमालक व वैमानिकांच्या संघटनेशी संलग्न सुरक्षा प्रतिष्ठानने केलेल्या पाहणीत वेगळेच चित्र समोर आले. १९९१ ते २००० या काळात प्रशिक्षण उड्डाणांत झालेल्या ४४ प्राणघातक स्टॉल-स्पिन अपघातांपैकी ४० अपघातांत शिक्षक विमानात हजर होता. केवळ ४ अपघातांत विद्यार्थी एकटा होता. शिक्षक सोबत असताना अधिक धोकादायक पाठ घेतले जातात, हे यामागचे एक कारण आहे. शिक्षकाने हस्तक्षेप करण्यास थोडा उशीर करणे हेही दुसरे कारण असू शकते. विद्यार्थ्याला चूक करू द्यावी, पण ती कोठवर, हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला परिचित आहे. येथे मात्र त्याच्या उत्तरासाठी काही सेकंदच मिळतात.

गॉस्पोर्टचा धडा येथे पुन्हा आठवतो. स्मिथ-बॅरी यांनी विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांना घडवण्यावर भर दिला होता. प्रशिक्षण केंद्रांची संख्या वाढते तेव्हा नुकतेच परवाना मिळवलेले तरुण उड्डाणाचे तास जमवण्यासाठी शिक्षक होतात आणि एखादी चांगली नोकरी मिळताच निघून जातात. ही प्रवृत्ती अनेक देशांत दिसते. तिच्याकडे सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिले जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) प्रशिक्षण विमानांच्या अपघातांची भौतिक कारणे १९१२ पासून बव्हंशी तीच आहेत, त्यांच्या आकलनात मात्र मूलगामी बदल झाले.

२) ‘वैमानिकाची चूक’ हे कारण नसून तपासाचा आरंभबिंदू आहे. ती चूक का घडली, ती टाळण्यास काय शिकवले होते आणि कोणत्या उंचीवर शिकवले होते, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

३) पार्कची नोंद, लिंडेमन यांचे प्रयोग, गॉस्पोर्टची पद्धती आणि १९४९ चा निर्णय यांवरून असे दिसते की, प्रगती व्यक्तीला दोष देण्याने झाली नाही, घटनेचा क्रम उलगडण्याने झाली.

४) एचपीटी-३२ च्या उदाहरणावरून यंत्रातील पुनरावृत्त दोष वेळीच मान्य न केल्यास त्याची किंमत मनुष्यहानीने मोजावी लागते, हे स्पष्ट होते.

५) शिक्षकांची निवड, प्रशिक्षण व स्थैर्य हा सुरक्षेचा दुर्लक्षित घटक आहे.

समारोप

भारतात अपघात तपासासाठी २०१२ मध्ये विमान अपघात तपास विभाग स्थापन झाला. नियमन करणाऱ्या संस्थेपासून तपास वेगळा असावा, या तत्त्वाला त्यामुळे संस्थात्मक रूप मिळाले. या विभागाचे लहान विमानांच्या अपघातांचे अहवाल केवळ फायलीत न राहता प्रशिक्षण केंद्रांच्या वर्गांत वाचले जावेत, अशी अपेक्षा या अभ्यासाच्या आधारे व्यक्त करावीशी वाटते. १९१२ मध्ये पार्क जिवंत खाली उतरला आणि त्याने जे घडले ते सांगितले; ते शिकवणीत येण्यास मात्र पाच वर्षे आणि अनेक तरुणांचे प्राण खर्ची पडले. माहिती होती, तिला वर्गापर्यंत नेणारा मार्ग नव्हता. तो मार्ग खुला ठेवणे हीच या इतिहासाची शिकवण होय.